दारातच राहिलेला निरोप

कोल्हापुरात सात-आठ दिवस पावसानं उघडीप दिली नाही की माणसं एकमेकांची खुशाली विचारायचं सोडून देतात. रस्त्यात, दुकानात, दवाखान्यात, जिथं तिथं एकच प्रश्न. 'पाणी कुठंवर आलंय?' मग समोरचा आपण स्वतः मोजून आल्यासारखा सांगतो. बंधाऱ्यावर इतके फूट, पुलाच्या अमुक दगडाला टेकलंय, धरणाचे दरवाजे अजून उघडायचेत. संध्याकाळी निम्मं शहर पाणी बघायला निघतं. एका छत्रीत तिघं, एका स्कूटरवर चौघं. पुलाच्या अलीकडं भाजलेल्या कणसांच्या शेगड्या ओळीनं लागलेल्या असतात. कणीस खात माणसं त्या तांबड्या पाण्याकडं बघत उभी राहतात, वाहून चाललेला ओंडका दिसला तर बोटानं एकमेकांना दाखवतात. पलीकडं कुणाची घरं पाण्यात गेलेली असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. नदी मोठी झाली की तिला बघून यायचं, एवढंच.

मी पाणी बघायला जात नाही. त्या पाण्यात माझी बायको असते.

सुजाता आजऱ्याच्या बाजूची. तिच्या आजोबांच्या काळात गावातल्या विहिरी त्यांच्या वस्तीसाठी नव्हत्या. नदी मात्र कुणाला विचारत नव्हती. आजोबा नदीत पोहायला शिकले, त्यांनी मुलाला शिकवलं, मुलानं आपल्या मुलीला. आमचं लग्न विहारात लागलं, जेवणं झाली, आणि निघताना सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "जावईबापू, पोरगी पाण्याला भीत न्हाय. तेवढं एक सांभाळा." मी हसलो होतो. मला वाटलं, कोल्हापुरात नळाचं पाणी येतं, तिथं पाण्याला भ्यायचा प्रश्न कुठं?

लग्नानंतर दोन वर्षांनी घाटावर धुणं धूत असलेली एक बाई पाय घसरून पाण्याच्या ओढीत गेली. तिला धरायला गेलेली तिची जाऊही गेली. सुजाता शाळेतून घरी चालली होती. त्या वेळी ती एका प्राथमिक शाळेत शिकवायची. तिनं चपला काढल्या, पर्स पायरीवर ठेवली आणि दोघींना एकामागून एक काढलं. तालमीतले बापू वस्ताद तिथं होते. पुराच्या दिवसांत तालमीची माणसं लोकांना काढायला जायची, त्या पथकाचे ते म्होरके. त्यांच्याजवळ एक जुनी लाकडी नाव होती, ट्रकच्या चार ट्यूबा होत्या आणि गुऱ्हाळावरची एक काईल होती. काईल म्हणजे ज्यात उसाचा रस आटवून गूळ करतात ती घमेल्यासारखी प्रचंड कढई. पाण्यावर टाकली की तरंगते, पण भोवऱ्यासारखी फिरते. बापू सुजाताला म्हणाले, "बाई, पुढल्या पुराला आमच्यासंगं येशीला का? बाया आमच्या नावंत बसत न्हाईत."

खरंच बसत नसत. माळ्यावर अडकलेल्या बाईला खाली नावेत घ्यायचं म्हणजे परक्या माणसाच्या गळ्यात हात टाकायचा. भिजलेलं लुगडं अंगाला चिकटलेलं, आणि समोर अर्ध्या चड्डीवरचे चार पैलवान. त्यापेक्षा पाणी बरं, असं वाटणाऱ्या बायका होत्या. नावेत एक बाई दिसली की त्या उतरायच्या. सुजाता हात पसरून म्हणायची, "मावशी, माझ्या खांद्याला धरा, खाली बघू नका." लोकांना वाटतं पोहता येतं म्हणून तिला नेत. पोहणारे त्यांच्याकडं पुष्कळ होते. बायकांना धीर देऊन उतरवून घेणारी ही एकटीच होती.

सुरुवातीला मला अभिमान वाटला. फाउंड्रीत चार लोकांना सांगितलंही. मग पहिल्या पुरातून ती परत आली, आणि पदर काढल्यावर तिच्या मानेवर, गळ्याशी ओरखडे दिसले. बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो, नखं रुतवतो. ती आरशात बघून हळद लावत होती आणि मी मागं उभा राहून ओरखडे मोजत होतो. सात. त्या दिवसापासून माझा अभिमान ओसरला आणि त्या जागी जे आलं त्याला मी काळजी असं नाव दिलं.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होतो. काळ्या वाळूचे साचे करायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पावसाळ्यात वाळू ओली राहिली तर ओतलेलं लोखंड उसळतं, ठिणग्या नव्हे, थेंबच अंगावर येतात. माझ्या डाव्या मनगटावर आणि दोन्ही घोट्यांवर त्याचे डाग आहेत. सुजातानं त्यावर मलम लावलं, फुंकर घातली, पण उद्या जाऊ नका असं कधीच म्हणाली नाही. माणूस आपल्या कामाला जातो, त्याला काय अडवायचं, असं तिला वाटत असावं. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी साच्यासमोर उभा राहून फक्त हिशेब करायचो की आता ती कुठं असेल, नाव कुठल्या झाडाला अडली असेल, आमच्या चार वर्षांच्या प्रज्ञाची वेणी उद्या कोण घालील.

"येतो हं," म्हणून ती निघायची. आमच्याकडं बायकासुद्धा येतो-जातोच म्हणतात. त्या दोन शब्दांवर मी दिवस काढायचो.

मला जे सांगायचं आहे ते नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका पावसाळ्यातलं आहे. साल लिहीत नाही आणि नदीपलीकडच्या त्या गावाचं नावही लिहीत नाही. तिथली माणसं आहेत अजून.

तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. गल्लीत एकच, समोरच्या हौसाकाकूंच्या पिठाच्या गिरणीत. सगळ्या गल्लीच्या अर्जांवर, लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या कागदांवर तोच नंबर, पुढं 'पी.पी.' लिहून. कुणाचा बाप वारला, कुणाला मुलगा झाला, कुणाला मुलाखतीला बोलावलं, सगळं आधी हौसाकाकूंना कळायचं. काकू विधवा, पन्नाशी ओलांडलेल्या, केसांवर कायम पिठाचा थर. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की कानात सांगितलेलं गुपितही कोपऱ्यापर्यंत जायचं. पण निरोपाच्या बाबतीत त्या फार कडक. चक्की बंद करायच्या, हात झटकायच्या आणि स्वतः जाऊन सांगून यायच्या. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायच्या, "तुझं पीठ हितंच ऱ्हातंय. निरोप शिळा हुतो." पथकाचा निरोपही असाच यायचा. बापूंनी फोन केला की काकू चिखल तुडवत आमच्या दारात. "सुजाता, बोलावलंय गं."

त्या वर्षी नवव्या दिवशीही पाऊस थांबला नव्हता. आदल्याच्या आदल्या दिवशी सुजाता पाण्यातून आली ती लंगडत. वाहत आलेला वासा गुडघ्यावर बसला होता. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला आणि अंगात बारीक कणकण. दुसऱ्या दिवशी तिला निरोप आला नाही, आणि मी मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कळशी घेऊन टँकरच्या रांगेत गेली. पूर आला की पाणी खेचणारी यंत्रंच पाण्यात जातात आणि चारी बाजूंनी पाणी असताना शहर प्यायच्या पाण्यासाठी रांगेत उभं राहतं. लंगडत जाऊ नको, मी जातो, असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली, "तुम्ही प्रज्ञाचं आवरा. माझा पाय मोकळा होतोय जरा."

मी प्रज्ञाला फ्रॉक घालत होतो. दारात हौसाकाकू. डोक्यावर पोत्याची खोळ, खोळीवरून पाणी निथळतंय.

"सुजाता कुठाय?"

"टँकरला गेलीय."

"आली की म्हणावं, तशीच घाटाकडं जा. बापूचा फोन आलता. पलीकडं बायामाणसं अडकल्यात. एक म्हातारी तर नावंत याला न्हायच म्हणतीया."

"सांगतो."

"लगीच सांग रं बाबा. चक्की बंद ठेवून आलोय." आणि त्या गेल्या.

पंधरा-वीस मिनिटांनी सुजाता आली. कळशी उतरवून कट्ट्यावर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "काही निरोप?"

मी प्रज्ञाच्या फ्रॉकची बटणं लावत होतो. शेवटचं बटण लागत नव्हतं. मान वर न करता मी म्हणालो, "नाही."

आधी ठरवून म्हणालो असतो तर आज निदान त्याला काही कारण तरी देता आलं असतं. मी ठरवलं नव्हतं. काकू गेल्यापासून तोंडात निरोपच होता. पण ती लंगडत आत आली, गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि तोंडातून 'नाही' बाहेर पडलं. एकदा पडल्यावर ते परत घ्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ते अर्धं मिनिट गेलं. मग पाच मिनिटं गेली. मग वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणेल. असा एकेक मिनिट करत मी तो निरोप पुरत गेलो.

तिला चैन नव्हतं. भाकऱ्या थापताना ती सारखी दाराकडं बघत होती. "एवढं पाणी चढलंय आणि बापूंनी बोलावलं कसं नाही?" म्हणाली. मग, "काकूंचा फोन चालू असेल ना? विचारून येऊ का?"

मी म्हणालो, "पावसानं लायनी बंद असतील. उगाच पाय कशाला दुखवतेस?" हे दुसरं खोटं. हे मात्र विचार करून बोललो.

आणि आता जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते हे, की त्या दिवशी मी सुखात होतो. मला दुसरी पाळी होती, तीही मी बुडवली. आम्ही तिघं चुलीजवळ जेवलो. गरम भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, कांदा. प्रज्ञा आईच्या मांडीवरून हलेना. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि माझी बायको माझ्या घरात, कोरड्या कपड्यांत, भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या गुडघ्याला तेल चोळलं. पुढच्या दहा वर्षांत मी त्या दुपारसारखा निर्धास्त एकदाही बसलो नाही.

पाचच्या सुमाराला बापू आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. साठीचा पैलवान माणूस, पण थंडीनं ओठ काळे पडलेले.

"सुजाता, लई वाट बघितली गं."

ती उठून उभी राहिली. बापूंनी सांगितलं ते असं. त्या गावात एक म्हातारी माळ्यावर होती. खाली गोठ्यात तिची म्हैस होती, ती तिनं आधीच सोडून दिली होती. माणसं उतरवायला गेली तर म्हणाली, 'बाई असली तर सांगा, मी येतो. ह्या बाप्यांच्या गळ्यात हात टाकून न्हाय यायची.' तिला ओढून काढायची कुणाची हिंमत झाली नाही. बाकीच्यांना घेऊन नाव अलीकडं आली. घाटावर सुजाताची वाट बघितली, तासभर. मग तशीच परत गेली. तोवर म्हातारीच्या घराची मातीची भिंत बसली होती.

"फोन केलता की मी," बापू म्हणाले. "हौसाबाईकडं. सकाळीच."

सुजातानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर संशय घ्यावा, असं तिला सुचलंच नाही. ती तशीच अनवाणी समोर गेली. मी तिच्या मागून गेलो. का गेलो माहीत नाही. बहुतेक बोलायला गेलो.

गिरणीत सहा-सात बायका डबे घेऊन उभ्या होत्या. काकू चक्कीच्या तोंडात गहू सोडत होत्या.

"काकू, सकाळी माझा निरोप आलता?"

काकूंनी चक्की बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. त्यांनी सुजाताकडं बघितलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडं. माझं तोंड त्यांनी वाचलं असणार. त्यांना माझ्याकडून हवा होता तो एक शब्द मी देऊ शकलो असतो. त्या थांबल्यासुद्धा, तेवढ्यापुरत्या. मग हात झटकून म्हणाल्या, "आलता गं बाई. दळणाच्या गडबडीत इसरलो बघ."

सुजाता म्हणाली, "काकू, माणूस गेलं." एवढंच. आणि वळून घरी आली.

त्या दिवसापासून सुजाता हौसाकाकूंच्या गिरणीची पायरी चढली नाही. भांडली नाही, कुणाजवळ बोलली नाही. फक्त दळणाचा डबा काखेत घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या गिरणीत जाऊ लागली. पथकानं फोनसाठी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा नंबर घेतला. गल्लीनंही हळूहळू आपले निरोप तिकडं वळवले. अर्जांवरचा नंबर लोकांनी खोडला. आमची गल्ली तोंडाची तिखट. एकदा एक माणूस गिरणीत डबा ठेवताना म्हणाला, "काकू, माझं पीठ तरी ध्यानात ठेवा. न्हाय तर ते बी पुरात जायचं." सगळे हसले. मी रस्त्यावर पानपट्टीशी उभा होतो. मीही हसलो. न हसणं लोकांच्या नजरेत आलं असतं.

त्या पावसाळ्यानंतर महिन्याभरानं मी काकूंना गाठलं. दुपारची वेळ, गिरणीत कुणी नव्हतं. म्हणालो, "काकू, तुम्ही असं का सांगितलंत?"

चाळणी आपटत त्या म्हणाल्या, "मग काय सांगू तिला? तुझा नवरा खोटं बोलला म्हणून? ती तिकडं पाण्यात जाती. परत याला तिला एक घर असायला नगं व्हय?"

"मी सांगतो तिला."

"सांग की. तुझं तूच सांगायचं हाय ते. माझं काय, म्हातारी बाई इसरती म्हणून लोक सोडून देत्यात."

लोकांनी सोडून दिलं नाही. आणि मी सांगितलं नाही.

सुजाता मात्र दोष काकूंना देऊन मोकळी झाली नव्हती. ती अधूनमधून म्हणायची, "मीच जाऊन विचारायला हवं होतं. समोर तर गिरणी. दहा पावलं." त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात ती कुणी बोलवायच्या आधीच घाटावर जाऊ लागली. गुडघा पुन्हा कधी सरळ झाला नाही, पावसात तो दुखतो. आम्ही फोन घेतला, मग तिनं पगारातून मोबाईल घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गळ्यात अडकवायची. तिला दगड लागो, ताप असो, मी पुन्हा कधी 'जाऊ नको' म्हणालो नाही. लोक म्हणायचे, नवरा चांगला आहे, बायकोला अडवत नाही.

काळजी या शब्दाचा मी पुष्कळ विचार केलाय. शेजारपाजारच्यांना, नातेवाइकांना ती चांगली गोष्ट वाटते. काळजी करणारा नवरा म्हणजे बरा नवरा. पण त्या दिवशी मी जे वाचवलं त्यात सुजाता कितपत होती? नाव घाटावरून गेली आणि परत आली, तिच्यातल्या कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. ती गेली असती तर तीही संध्याकाळी परत आली असती, एका म्हातारीला घेऊन. मी वाचवला तो माझा दिवस. वाट बघण्याचा एक दिवस मला नको होता. त्या एका दिवसासाठी एक बाई भिंतीखाली गेली, दुसरीचं नाव खराब झालं, आणि जिच्यासाठी केलं म्हणतो तिला मी दहा वर्षं टोचणी लावून ठेवली, तीही माझ्या वाटणीची.

यंदा पाणी आमच्या गल्लीत आलं. जुनी माणसंही म्हणाली की इथवर कधी आलेलं पाहिलं नाही. सकाळी गटारीतून उलटं आलं, दुपारी उंबऱ्यावर. सगळ्या गल्लीला पालिकेच्या शाळेत हलवलं. एका वर्गात आम्ही चौदा-पंधरा माणसं, त्यात आम्ही तिघं आणि हौसाकाकू. काकू आता पासष्टीच्या पुढच्या. गिरणी त्यांचा मुलगा चालवतो, आवाज तेवढा तसाच आहे. सुजाता उजाडताच पथकाबरोबर जायची, अंधार पडायच्या आत यायची. आली की स्वतः ओली असताना सगळ्यांना चहा द्यायची. काकूंच्या पुढंही कप ठेवायची, पण न बोलता. काकूही न बोलता घ्यायच्या.

दिवसभर सुजाता पाण्यात आणि आम्ही वर्गात. खिडकीशी बसून मी रस्त्याकडं बघायचो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की पलीकडच्या खिडकीशी काकूही रस्त्याकडंच बघत असतात. चारच्या पुढं त्या दर थोड्या वेळानं विचारायच्या, "आली का रं ती?" ती फाटकातून आत येताना दिसली की पाय पसरून भिंतीला टेकायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. जी बाई दहा वर्षं त्यांच्याशी बोलली नव्हती, तिची त्या वाट बघत होत्या. मला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"काकू, आज तिला सांगतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "पाण्यात हाय तवर सांगू नगंस. ध्यान हलंल तिचं. दहा वर्स थांबलास, आनि चार दिस थांब."

पाणी उतरल्यावर आम्ही घरी आलो. पूर ओसरल्यावरच्या घराचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. गाळ, कुजलेलं धान्य, भिजलेली गादी. गल्लीत सगळ्यांनी आपापलं सामान बाहेर काढून ठेवलेलं. बायका पदर खोचून चिखल ओढत होत्या, माणसं फावड्यानं घमेली भरत होती. भर दुपार. सुजाता आतल्या खोलीत खराट्यानं गाळ लोटत होती. प्रज्ञा पाणी आणायला गेली होती. मी फावडं भिंतीला लावलं आणि सांगितलं. सगळं, क्रमानं. पोत्याची खोळ, फ्रॉकचं बटण, 'नाही', लायनी बंद असतील, गिरणीतली नजर, काकूंचं बोलणं. ती खराटा चालवत राहिली. मी कारणं शोधत नव्हतो, तरी शेवटी तोंडातून गेलंच, "मला तुझी काळजी वाटत होती."

खराटा थांबला. "मला वाटत नव्हती?" ती म्हणाली. "रोज सकाळी डबा भरून देत होते की तुम्हाला."

मग तिनं विचारलं, "काकूंनी आपणहून सांगितलं, इसरले म्हणून? तुम्ही तिथं उभे असताना?"

"हो."

तिनं खराटा ठेवला, बादलीतल्या गढूळ पाण्यात हात धुतले आणि बाहेर गेली. मी दारापर्यंत आलो. काकू गिरणीपुढं ओल्या पोत्यांवर बसून चक्कीचा पट्टा फडक्यानं पुसत होत्या. सुजाता गल्लीच्या मधोमध उभी राहिली, घोटाभर चिखलात. आम्हा कोल्हापूरकरांना हळू बोलता येत नाही, पण ती शिक्षिका, तिला येतं. त्या दिवशी ती मुद्दाम मोठ्यानं बोलली.

"त्या वर्षी पुरात माझा निरोप काकू इसरल्या नव्हत्या. त्यांनी येऊन सांगितलं होतं. निरोप आमच्या घरात अडला. दहा वर्षं मी त्यांना बोललो नाही. माझं चुकलं."

फावडी थांबली. बायका खराट्यावर हात ठेवून बघत राहिल्या. पीठ पुरात जायचं म्हणणारा तो माणूसही तिथंच घमेलं घेऊन उभा होता. सुजाता 'आमच्या घरात' म्हणाली होती. 'ह्यांनी' म्हणाली नव्हती. इतकं कळल्यावरसुद्धा तिनं अर्धं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि ते तसंच राहिलं असतं तर गल्लीनं तसंच धरलं असतं. काकूंनी एकदा सगळं घेतलं होतं, आता ही अर्धं घेत होती. मी उंबऱ्यावर उभा होतो.

"घरात न्हाय," मी म्हणालो. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणालो. "काकूंनी निरोप मला दिलता. ती घरात नव्हती. आल्यावर तिनं विचारलं, मी नाही म्हणून सांगितलं. तिला जाऊ द्यायचं नव्हतं मला."

सुजाता माझ्याकडं पाठ करून उभी होती, वळली नाही. काकूंनी पट्टा मांडीवरून बाजूला ठेवला, तिला हाताला धरून पोत्यावर आपल्या शेजारी बसवलं, आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या,

"लई येळ लावलास रं."